पिकअपमध्ये टर्बोला जागा हवी, बॅटरी मागे हौद्यात हलवतोय: केबल आणि अर्थिंगबद्दल सल्ला हवा

टेक्सन_तात्या

नमस्कार मंडळी. वाहन विभागातला शेवटचा धागा इलेक्ट्रिक स्कूटरच्या सबसिडीवर आहे, त्यामुळे इथे हा प्रश्न विचारताना जरा ओशाळायला होतंय. पण इंग्रजी फोरमवर विचारलं की दहा जण दहा दिशांना ओढतात आणि शेवटी एकमेकांची आई काढतात. इथे निदान भांडण समजेल अशा भाषेत होईल.

मी ह्यूस्टनजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी २००४ ची शेवरोले सिल्व्हराडो १५०० घेतली, ५.३ लिटरची व्ही८. इकडे अशा हौद्याच्या गाडीला ट्रकच म्हणतात, तेव्हा पुढे ‘ट्रक’ वाचलंत तर दहाचाकी डोळ्यासमोर आणू नका. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, बराच मार सोसतो, म्हणून इथे लोक त्याला सर्रास टर्बो लावतात. मीही किट आणलं. उघडलं तर सूचनापत्रात एक ओळ: ‘बॅटरी दुसरीकडे हलवावी.’ बस. कुठे, कशी, कशाने, काही नाही. टर्बोचा पाइप बरोबर बॅटरीच्या जागेतून जातो.

मी तीन जागा बघितल्या. हौद्यात केबिनला लागून पेटीत, हौद्याच्या खाली चेसिसच्या बाजूला, किंवा मागच्या सीटखाली. सीटखाली नको वाटतं, पोरं बसतात. हौद्यातली जागा जवळजवळ ठरवलीय. तिथून इंजिनापर्यंत वळणं धरून केबल १८ फूट, म्हणजे साधारण साडेपाच मीटर लागेल. ऑनलाइन एक केबल किट घेतलंय, वर ‘एक-शून्य गेज’ छापलंय, सोबत लग (केबलच्या टोकाला बसवायच्या भोकाच्या कड्या) आहेत.

प्रश्न असे: ही केबल पुरेल का? निगेटिव्हची वेगळी केबल पुढे आणायची की मागेच अर्थ द्यायचा? आणि सेल्फच्या केबलला फ्यूज लावतात का? कंपनीने तर लावलेला नव्हता.

नानू_४०७

तात्या, दहाचाकी डोळ्यासमोर आणू नका म्हणालात आणि तीच आली. आमच्या मोठ्या ट्रकांना बॅटरी पहिल्यापासून चेसिसवरच असते हो, बाहेर, पेटीत. दोन बाराच्या, सिरीजमध्ये, चोवीस व्होल्ट. तुम्ही लाखभर रुपये घालून तिथेच येऊन पोचताय.

शंकासुर

मूळ प्रश्नच चुकतोय असं मला वाटतं. बॅटरी हलवायची कशाला? आहे तिथेच थोडी सरकवून लहान आकाराची एजीएम (सीलबंद, आम्ल न हिंदकळणारी लेड-अॅसिड बॅटरी) बसवा. नाहीतर लिथियमची, वजन निम्म्याहून कमी. साडेपाच मीटर केबल, पेटी, ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रबरी रिंग), फ्यूज, सगळं वाचलं. जितके जोड जास्त तितकी कटकट जास्त.

टेक्सन_तात्या

@शंकासुर, तोही विचार केला होता. पण टर्बोचं एक्झॉस्ट घर आणि बॅटरी यांच्यात वितभर अंतर उरतं. ह्यूस्टनचा ऑगस्ट, त्यात ट्रॅफिक, त्यात लालभडक टर्बो शेजारी. बॅटरी तिथे शिजेल.

हार्नेसवाली

मी डेट्रॉइटजवळ राहते, वायरिंग हार्नेसचंच काम करते, तेव्हा थोडं लांबण लागेल. सहन करा.

शंकासुरांचा मुद्दा वाईट नाही, साध्या एअर फिल्टरसाठी वगैरे मी तेच सांगितलं असतं. पण टर्बोशेजारी नाही. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य तापमान साधारण दहा अंश सेल्सिअसने वाढलं की निम्म्यावर येतं, असा आमच्याकडे ठोकताळा आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटला इंजिनबेची उष्णताही आवडत नाही आणि शून्याखाली चार्जिंगही चालत नाही. दुसरं टेक्सासात क्वचित, माझ्याकडे मिशिगनमध्ये चार महिने.

बॅटरी मागे ठेवणं हा काही जुगाडू प्रकार नाही. बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षे ३ सीरिजची बॅटरी डिकीत ठेवली. पण त्यांनी सोबत काय दिलं ते बघा: गॅस बाहेर काढणारी नळी, आणि प्लस टर्मिनलवर एक छोटी स्फोटक क्लिप. धडक बसून एअरबॅग उघडली की ती फुटते आणि सेल्फकडे जाणारी लांब केबल बॅटरीपासून सुटते. लांब केबलची त्यांना किती धास्ती आहे, ते यावरून कळावं.

आता हिशेब. तुमचं इंजिन फिरताना सेल्फ सुमारे २०० अँपिअर ओढतो असं धरू (पहिल्या झटक्याला याच्या कितीतरी पट). तांब्याची केबल, साडेपाच मीटर, फक्त प्लसची बाजू (गेज म्हणजे जाडी; यात ४ सर्वांत बारीक, १/० म्हणजे एक-शून्य, २/० म्हणजे दोन-शून्य सर्वांत जाड):

४ गेज: ०.९ व्होल्ट गळती
१/० गेज: ०.३५ व्होल्ट
२/० गेज: ०.२८ व्होल्ट

चारवर जाऊ नका. एक-शून्य ते दोन-शून्यमध्ये फार फरक नाही, पण दोन-शून्य वळवताना मनगटं जातात. एक-शून्य घ्या. चार्जिंगची चिंता नको, ५० अँपिअरला ही केबल जेमतेम ०.१ व्होल्ट खाते. खरी परीक्षा सेल्फ मारताना.

फ्यूजबद्दल: कंपनी सेल्फच्या केबलला फ्यूज देत नाही कारण ती दीड-दोन फुटांची, ब्लॉकला चिकटून जाणारी असते. तुमची केबल चेसिसवरून, एक्झॉस्टच्या शेजारून, फायरवॉलजवळून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जाणार. कुठे सोलवटून पत्र्याला टेकली तर हजार अँपिअरच्या वर करंट वाहील आणि तो थांबवायला कोणी नसेल. तेव्हा बॅटरीपासून वितीच्या आत मेगा प्रकारचा, सावकाश उडणारा, ३०० अँपिअरचा फ्यूज. सेल्फच्या झटक्याला तो टिकतो, शॉर्टला जातो.

चिखलपुत्र

पुण्याहून. मी ऑफरोडिंगवाला, गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं तिथे मदतनीस म्हणून जाऊन आलोय. तिथल्या बऱ्याच गाड्यांची बॅटरी मागे टबमध्येच असते, पुढे मोठा रेडिएटर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारी मोटर) बसवायचा असतो ना.

फ्यूजच्या मुद्द्याला माझ्याकडून दहा प्लस. माझ्या जिप्सीत बॅटरी सीटमागे नेली तेव्हा ज्याने काम केलं त्याने फ्लोअरला भोक पाडलं आणि ग्रोमेट ‘उद्या टाकतो’ म्हणाला. तो उद्या आलाच नाही. मुळशीच्या पुढे एका घाटवळणावर पायाखालून धूर. मी विझवायला पाण्याची बाटली उचलली, मित्राने हात धरला आणि टर्मिनल पान्याने सोडवायला सांगितलं. पाना दहाचा की तेराचा, हे धुरात ठरवत होतो. फ्लोअरच्या कडेने केबलचं इन्सुलेशन कापलं होतं, तेवढ्या जागी तांबं निळं-काळं. गाडी वाचली, मॅट गेली, आणि माझ्या डाव्या पोटरीवर अजून खूण आहे.

तेव्हापासून क्विक-रिलीज टर्मिनल आणि पाना दोन्ही दाराच्या खिशात.

भारतात करणाऱ्यांसाठी जाता जाता: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार विनापरवाना केला तर प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, कैदसुद्धा होऊ शकते. नुसती बॅटरी हलवल्याने आरसीवरचं काही बदलत नाही. पण ती ज्याच्यासाठी हलवताय त्या टर्बोचं आणि इंजिनाचं आरटीओला विचारून करा.

वायरमन_शिरोली

दादा, मी कोल्हापूरकडचा, ऑटो इलेक्ट्रिशियन, तीस वर्षं हेच काम. ताईंनी हिशेब एकदम झकास मांडलाय. पण सगळेजण प्लसचंच बोलाय लागल्यात. माझ्याकडं बॅटरी हलवलेली गाडी येती ती दहातली आठ अर्थिंगनं आलेली असती.

बघा की. करंट जेवढा प्लसनं जातो तेवढाच मायनसनं परत यायला पाहिजे. तुमची बॅटरी हौद्यात. हौदा चेसिसवर बसलाय खरा, पण मधे रंग, मधे गंज, कुठं रबर. हौद्याच्या पत्र्याला अर्थ दिला तर दिवे पेटतील, हॉर्न वाजंल, आणि सेल्फ मारला की टक्कन आवाज करून गप.

अर्थ चेसिसला द्या, मोठ्या रेलला. ग्राइंडरनं रंग काढा, चकचकीत लोखंड दिसूस्तर. लग बसवा, दातेरी वॉशर घाला, नट आवळा, मग वरनं ग्रीस किंवा रंग मारा. आधी नव्हं, नंतर. आणि पुढं इंजिन ब्लॉकपासनं चेसिसला तेवढ्याच जाडीची दुसरी पट्टी. हे लोक विसरतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलंय, त्याला वाट कुठनं मिळणार? मग करंट गियरच्या केबलनं, नाहीतर ब्रेकच्या पाइपनं वाट काढतो. केबिनला एक वेगळी पट्टी.

लग क्रिम्प करताना, म्हणजे केबलवर दाबून बसवताना, हातोडीनं ठोकू नका. हायड्रॉलिक क्रिम्पर आणा, भाड्यानं मिळत असंल तर भाड्यानं.

शंकासुर

मग मायनसची केबल सरळ पुढे ब्लॉकपर्यंतच आणावी ना? चेसिसच्या भरवशावर कशाला?

वायरमन_शिरोली

आणली तर उत्तमच, पण दुप्पट केबल, दुप्पट पैसा. चेसिसचं लोखंड केवढं जाड आहे बघा, त्यातनं करंट निवांत जातो. अडतंय ते जोडावर. दोन जोड नीट केले तर केबलची गरज नाही. आमच्या ट्रकला तर चेसिसच अर्थ.

टेक्सन_तात्या

सगळ्यांचे आभार. मध्ये तीन आठवडे गेले, काम केलं, आणि आता रडगाणं घेऊन आलोय.

टॉप पोस्टची (टर्मिनलचे खुंट वर असलेली) एजीएम घेतली, पेटीत बसवली. पेटी हौद्याच्या पत्र्याला नुसती स्क्रू केली नाही, खालून जाड पट्टी लावून ३/८ इंचाचे दोन बोल्ट आरपार फ्रेमपर्यंत नेले, ड्रॅग रेसवाल्या एनएचआरएचा नियमही तसाच आहे. बॅटरी १८ किलोची आहे, ब्रेक मारल्यावर केबिनच्या काचेतून आत यायला नको. केबल चेसिसच्या आतल्या बाजूने, दर दीड फुटावर क्लॅम्प, भोकांना ग्रोमेट. चिखलपुत्र, तुमची पोटरी आठवत होती. फ्यूज बॅटरीपासून सहा इंचांवर.

आणि गाडी थकल्यासारखी फिरते. सेल्फ ‘घर्र... घर्र...’ करतो, मग कशीबशी चालू होते. बॅटरी नवी आहे, स्टोअरवाल्याने लोड टेस्ट करून दिलीय.

अर्थ? काय सांगू. शनिवारी संध्याकाळी घाई होती, तेव्हा ‘तात्पुरता’ हौद्याच्या बोल्टला दिला.

वायरमन_शिरोली

🙏

हार्नेसवाली

रागवत नाही, पण मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. फ्युएल पंपाचा रिले काढा म्हणजे गाडी चालू होणार नाही, नुसती फिरेल. कोणीतरी किल्ली फिरवेल, तुम्ही मीटर धरा.

पहिलं: बॅटरीचे दोन पोस्ट, फिरताना किती?
दुसरं: बॅटरीचा प्लस पोस्ट ते सेल्फचा मोठा स्टड.
तिसरं: बॅटरीचा मायनस पोस्ट ते ब्लॉकचं उघडं लोखंड.

मीटरची टोकं पोस्टला टेकवा, लगला नाही. लग आणि पोस्टच्या मधला जोडही मोजला गेला पाहिजे.

टेक्सन_तात्या

बायको किल्लीवर, मी खाली पाठीवर, मुलगी मोबाइलवर आकडे लिहून घेत होती. ती म्हणाली, “बाबा, हे फिजिक्सचं होमवर्क आहे का?” हो म्हणालो.

बॅटरीवर फिरताना: १०.५ व्होल्ट
प्लसची बाजू: ०.९
मायनसची बाजू: १.४

म्हणजे सेल्फला मिळतात ८.२. मायनसचं समजलं, शरमेने मान्य. पण प्लसला ०.९ का? ताईंच्या हिशेबात एक-शून्यला ०.३५ होते.

हार्नेसवाली

०.९ म्हणजे चार गेजचा आकडा. केबलचं टोक सोलून आतली एक तार चाकूने खरवडा. काय रंग दिसतो सांगा.

टेक्सन_तात्या

रुपेरी.

वरून तांबूस, आत रुपेरी. आणि तारांचा जुडगा सोलल्यावर बोटभर निघाला, बाकी सगळं इन्सुलेशन. किटच्या पेटीवर कुठेही अॅल्युमिनियम लिहिलं नव्हतं. परत शोधलं तेव्हा वेबपेजच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, तीन अक्षरं सापडली: सीसीए.

हार्नेसवाली

तेच. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. त्याच जाडीला वाहकता तांब्याच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडी कमी. त्यात धातूच कमी भरलेला असला की ‘एक-शून्य’ नावापुरतं उरतं. वर अॅल्युमिनियम क्रिम्पखाली हळूहळू दबतं, जोड सैल पडतो, गरम होतो. गाण्याच्या अॅम्प्लिफायरसाठी लोक वापरतात, सेल्फसाठी नको. शुद्ध तांब्याची घ्या. वेल्डिंग केबल लवचीक असते, स्वस्तही पडते, पण तेल-पेट्रोलचे शिंतोडे तिच्या इन्सुलेशनला मानवत नाहीत. इंजिनबेमधून जाणाऱ्या भागासाठी बॅटरी केबलच घ्या, क्रॉसलिंक इन्सुलेशनची.

चिखलपुत्र

माझ्याकडे या सीसीएची विंच केबल होती. विंच पूर्ण ओढीला ४०० अँपिअर घेतो. केबल हाताला चटका बसेल इतकी तापायची आणि मी अभिमानाने म्हणायचो, बघा केवढी ताकद!

शंकासुर

😂 हे मान्य केल्याबद्दल सलाम.

टेक्सन_तात्या

नवीन केबल मागवली. वजनावरूनच कळलं, पार्सल उचलताना हात खाली गेला.

तोवर दुसरा प्रश्न. बेटाउनचा ड्रॅग ट्रॅक २०२३ मध्ये बंद झाला, पण दुसरीकडे वर्षातून एकदा जायचं मनात आहे. बॅटरी हलवलेली असेल तर मागच्या बाजूला, बाहेरून हाताला येईल असा कट-ऑफ स्विच सक्तीचा आहे. प्लस केबलमध्ये मध्येच स्विच टाकलाय, तेवढ्याने झालं ना?

हार्नेसवाली

नाही! इथे खूप जण फसतात. इंजिन चालू असताना बॅटरी तोडली तरी अल्टरनेटर इंजिनाला पोसत राहतो. स्विच ‘बंद’, गाडी मजेत चालू. नियमाला अपेक्षित आहे की स्विच ढकलला की इंजिनही थांबलं पाहिजे. शिवाय चार्जिंग जोरात चालू असताना अचानक बॅटरी तुटली तर व्होल्टेज उसळतं, त्यात कॉम्प्युटर जाऊ शकतो.

दोन वाटा. एक, अल्टरनेटरची केबल वेगळी मागे नेऊन स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडायची. म्हणजे आणखी एक साडेपाच मीटर जिवंत केबल, तिला वेगळा फ्यूज. दोन, चार टर्मिनलचा स्विच घ्यायचा. दोन मोठे बॅटरीला, दोन छोटे इग्निशनच्या फीडला. एकाच ढकलण्यात दोन्ही तुटतात, इंजिन मरतं, अल्टरनेटर फिरायचाच थांबतो. मी दुसरी वाट घेईन.

नानू_४०७

हा स्विच रोज रात्री चोरासाठी बंद करता येईल की. एका दगडात दोन पक्षी.

टेक्सन_तात्या

@नानू, तोच मोह मला झाला आणि त्याने हात पोळले. आमच्या काउंटीत २ ते २४ वर्षं वयाच्या पेट्रोल गाड्यांना दरवर्षी एमिशन टेस्ट लागते. सेफ्टी इन्स्पेक्शन २०२५ पासून गेलं, हे मात्र आहे. टेस्टवाला ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला) यंत्र जोडतो आणि कॉम्प्युटरला विचारतो, ‘तुझ्या सगळ्या तपासण्या पूर्ण झाल्या का?’ बॅटरी तोडली की कॉम्प्युटर हे सगळं विसरतो. मग पुन्हा थंड इंजिनाने सुरुवात, हायवे, सिग्नल असं चार-पाच दिवस हिंडवावं लागतं. मी रोज रात्री स्विच बंद करत होतो, म्हणजे रोज सकाळी गाडी बालवाडीत. टेस्टवाल्याने हसून परत पाठवलं. टर्बो बसल्यावर ही टेस्ट कशी पास करायची हा माझ्या पुढचा अभ्यासक्रम आहेच.

वायरमन_शिरोली

दादा, पेटीला हवा जायला नळी दिलीय का? एजीएम असली तरी. रेग्युलेटर बिघडून जास्त चार्ज झाली की ती पण गॅस सोडती. हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की ठिणगीला पेटतो. माझ्या एका पोऱ्यानं बंद पेटी उघडून बिडी पेटवली होती. भुवया परत आल्या, बिडी सुटली.

टेक्सन_तात्या

दिलीय. पेटीच्या वरच्या कोपऱ्यातून खाली हौद्याबाहेर.

आज सकाळचा रिपोर्ट. तांब्याची केबल टाकली. हौद्याचा अर्थ काढला आणि चेसिसच्या रेलवर ग्राइंडरने पत्त्याएवढी जागा चकचकीत केली. ‘लोखंड दिसूस्तर’ हे शब्द डोक्यात वाजत होते. दातेरी वॉशर, बोल्ट, वरून रंग. ब्लॉक ते चेसिस तेवढ्याच जाडीची पट्टी. तिथली जुनी पट्टी काढायला गेलो तर हातातच तुटली, आत हिरवी भुकटी. म्हणजे जुनी बॅटरी जागेवर असतानाही हा रोग होताच.

पुन्हा बायको, मुलगी, मीटर:

बॅटरीवर: १०.६
प्लस: ०.४
मायनस: ०.२

सेल्फला दहा व्होल्ट. अर्धा फेरा झाला नाही तोच फायर.

हार्नेसवाली

छान. आता महिन्याभराने सगळे नट पुन्हा एकदा आवळा आणि मायनसचं परत मोजा. तो ०.२ वाढला तर जोडात पाणी शिरलंय समजा.

वायरमन_शिरोली

झकास दादा. त्या चकचकीत जागेचा फोटो टाका, माझ्या पोरांना दाखवतो.

नानू_४०७

तात्या, एक शंका. एवढं सगळं झालं, पण टर्बोबद्दल काहीच लिहिलं नाहीत. कसा पळतोय?

टेक्सन_तात्या

टर्बो अजून खोक्यात आहे. त्याचं तेल परत येण्यासाठी ऑइल पॅनला भोक पाडायचंय. पॅन गाडीवर असतानाच पाडायचं की खाली उतरवून, यावर वेगळा धागा काढतो.